बेहड्याची फळं आणि दादाची वही

आमच्या घरात पत्त्यांना बंदी कधीच नव्हती, पैशांना होती. वसईतल्या बऱ्याच घरांत नाताळच्या सुट्टीत असतं तसंच. जेवणं उरकली की ओटीवर चटई, मग मेंढीकोट, बदाम सात, रमी, आणि पैशांच्या जागी चिंचोके. त्यामुळे माझा मामेभाऊ पोकर खेळायला लागला तेव्हा कुणाला त्यात विशेष काही वाटलं नाही. वाटलं ते तो पोकरसाठी गोव्याला जातो, मांडवीत उभ्या असलेल्या बोटींवर, हे कळलं तेव्हा. मामीच्या तोंडी तेव्हापासून एकच शब्द आहे: जुगार.

दादाचं म्हणणं वेगळं. पहिलं वर्ष जुगारच होता, हे तो स्वतःच मान्य करतो. तेव्हा तो ‘वाटतंय’वर खेळायचा. आता तो हिशोबावर खेळतो. त्याच्याकडे एक लांबट वही आहे, किराणा दुकानात असते तशी. तारीख, किती वाजता बसलो, किती वाजता उठलो, किती आले, किती गेले, आणि शेवटच्या रकान्यात ‘डोकं ठिकाणावर होतं का?’ या रकान्यात बऱ्याच ठिकाणी ‘नाही’ लिहिलंय, म्हणून मला ती वही खरी वाटते.

मी साहित्याची विद्यार्थिनी. माझं गणित बारावीला संपलं. पण मामीचा फोन मलाच येतो, ‘बाय, तू शिकलेली आहेस, तूच सांग हा काय करतोय.’ म्हणून मला समजून घेणं भाग होतं.

दादाने समजावलं ते असं. समज, तुझ्या हातात दोन राण्या आहेत. समोर एक शांत माणूस, दोन तासांत ज्याने आवाजही केला नाही. तो अचानक आपल्या सगळ्या चिप्स पुढे सरकवतो. तुझं पोट लगेच सांगतं, ‘याच्याकडे एक्क्यांची जोडी आहे, पानं टाक.’ इथे थांबायचं आणि मोजायचं. असा माणूस असं कशावर करेल? एक्क्यांची जोडी, राजांची जोडी किंवा एक्का-राजा. चार एक्क्यांतून जोडी सहा प्रकारे होते. राजांचीही सहा. पण एक्का-राजा चार गुणिले चार, सोळा प्रकारे येतो. म्हणजे अठ्ठावीसपैकी सोळा वेळा समोर जोडी नसतेच! एक्का-राजासमोर राण्या निम्म्याहून थोड्या जास्त वेळा जिंकतात, मोठ्या जोडीसमोर पाचातून जेमतेम एकदा. सगळं मिळून शंभरात साधारण चाळीस वेळा. आता पॉटकडे बघ. कॉल करायला तुला शेवटच्या पॉटच्या तिसरा हिस्सा घालावा लागत असेल तर घाल. निम्मा घालावा लागत असेल तर टाक पानं.

मला यातलं एक आवडलं. पोटातली भीती साफ खोटी नव्हती. पण ती भीती किती किमतीची आहे हे पोटाला सांगता येत नव्हतं.

समोरासमोरच्या खेळात हे जास्त अवघड जातं. ऑनलाइन खेळताना समोर फक्त एक टोपणनाव असतं. (ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, आणि दादाच्या फोनमधलं ते प्रकरण संपलं. मामीने त्या रविवारी मिस्साला मेणबत्ती लावली.) टेबलावर मात्र माणसं असतात. त्यांचे हात, श्वास, घड्याळं, सहाव्या पेगनंतरची बडबड. नवख्याला वाटतं, हात थरथरले म्हणजे माणूस थापा मारतोय. जुने खेळाडू उलट सांगतात, चिप्स टाकताना हात थरथरला तर बहुधा पानं जबरदस्त आलेली असतात. म्हणजे ज्याला आपण ‘मला माणसं कळतात’ म्हणतो, ते टेबलावर बऱ्याचदा उलटं निघतं. ब्लफचंही तसंच. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९२८ मध्ये अशा खेळांवर निबंध लिहिला आणि १९४४ च्या ग्रंथात पोकरवर सविस्तर लिहिलं. त्याच्या हिशोबात थाप मारायची ती सगळ्यात रद्दी पानांवर, मधल्यांवर नाही. मधली पानं गुपचूप उघडी करण्याच्या लायकीची असतात, त्यांना थापेत वाया का घालवा? मन नेमकं उलट सांगतं, ‘अगदीच रद्दी आहे, गप्प बस.’

या जानेवारीत दादा आणि मी मावशीला भेटायला गेलो. मावशी सिस्टर आहे, खंडव्याच्या बाजूला एका शाळेत तीस वर्षं शिकवते. दादाची ती आत्या. तिघं मिळून असीरगढला गेलो. बुऱ्हाणपूरपासून वीसेक किलोमीटर, सातपुड्याच्या खिंडीवर बसलेला किल्ला. नर्मदेकडून तापीकडे उतरायचं तर याच्या नजरेखालून जावं लागे, म्हणून त्याला दख्खनचा दरवाजा म्हणत. वर महादेवाचं देऊळ आहे. अश्वत्थामा अजूनही इथे येऊन पिंडीवर फूल वाहून जातो, असं गावातले लोक सांगतात. दादाला विषय मिळाला. म्हणाला, ‘महाभारत म्हणजे शेवटी एका वाईट प्लेअरची गोष्ट.’ मावशीने त्याच्याकडे असं बघितलं की पुढच्या पंधरा पायऱ्या तो गप्प.

पण त्याच महाभारतात दादाच्या बाजूची गोष्ट आहे, ती मी त्याला उतरताना सांगितली. वनवासात धर्मराज हताश बसलेला असताना बृहदश्व ऋषी त्याला नळाची कथा सांगतात. नळही फाशांत राज्य घालवून बसलेला. पुढे तो ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत बेहड्याचं झाड लागतं आणि राजा रथात बसल्या बसल्या सांगतो, या दोन फांद्यांवर २०९५ फळं आहेत. नळाला पटत नाही. तो रथ थांबवतो, उतरतो, मोजतो. आकडा बरोबर निघतो! मग राजा त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या देतो, आणि नळाच्या अंगातला कली बाहेर पडतो. यात मला मजा अशी वाटते की जुन्या काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळं वापरत. ज्या फळांनी राज्य गेलं, तीच फळं झाडावर मोजायला शिकल्यावर राज्य परत आलं. बृहदश्वांनी शेवटी धर्मराजालाही ती विद्या दिली. ‘उपदेश नाही दिला, ट्रेनिंग दिलं,’ दादा म्हणाला. तो सगळ्यात जास्त खूश तेव्हा होता.

मावशीने मात्र दुसरी गोष्ट काढली. १६०० मध्ये अकबराने या किल्ल्याला वेढा घातला. आत बहादूर फारुकी, धान्य, दारूगोळा आणि हा असा तट. बाहेर बादशहा, तटापुढे त्याच्या तोफा कमी पडत होत्या, आणि तिकडे उत्तरेत शहजादा सलीम बिथरलेला. छावणीत जेझुइट पाद्री जेरोम झेवियर होता, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नात्यातला. चौलच्या पोर्तुगीजांकडून तोफा मागवायला पत्र लिही, असं अकबराने त्याला सांगितलं. आपल्या धर्माला ते धरून नाही म्हणत त्याने नकार दिला. बादशहा भडकला. जेझुइटांची हकिकत पुढे सांगते की अकबराने स्वतःच्या शिराची शपथ घेऊन बहादूरला बोलणीसाठी खाली बोलावलं, आणि आल्यावर परत जाऊ दिलं नाही. तरी किल्ला झुंजला, आणि शेवटी आतल्या लोकांना पैसे चारून १६०१ च्या जानेवारीत हाती आला. अबुल फज़ल वेगळं सांगतो, त्याच्या मते आत रोगराई पसरली होती. ते काही असो, बहादूर कैदेत गेला.

‘बघ,’ दादा म्हणाला, ‘चांगली पानं याच्याकडे. समोरच्याकडे काही नाही, नुसती थाप. आणि हा चेहरा बघून खाली उतरला. शपथ मोडल्याने समोरच्याला काय मिळतंय, एवढं मोजलं असतं तरी पुरे होतं.’

‘म्हणजे शपथ मोडणारा हुशार आणि विश्वास ठेवणारा खुळा?’ मावशीने विचारलं.

‘मी हुशार नाही म्हटलं, आत्या. जिंकला म्हटलं.’

‘आणि ज्याने पत्र लिहायला नकार दिला तो?’

दादाला उत्तर सुचलं नाही. खरं तर मलाही नाही. झेवियर नफ्याचा हिशोब करत नव्हता, पण मनाच्या लहरीवरही चालला नव्हता. काही इतिहासकार म्हणतात की पोर्तुगीज आणि खानदेश यांच्यात करार होता, नकारामागे तोच होता. तसं असेल तर त्याचाही हिशोब होताच, फक्त आपल्याला दाखवला नाही. मला हे पटवून घ्यायचं नाहीये, पण ते डोक्यातून जातही नाही.

रात्री जेवणानंतर मावशीच्या इथे चिंचोके निघाले. दादाने तिला आणि अजून एका सिस्टरना पोकर शिकवलं. तासाभरात मावशीने त्याला तीनदा साफ केलं. शेवटच्या डावात तिच्याकडे सत्तांची जोडी होती, बस्स. दादाने तीन वेळा वाढवलं, ती शांतपणे कॉल करत गेली. त्याच्याकडे काहीच नव्हतं.

‘कसं कळलं?’

‘तुला चांगली पानं आली की तू विचार केल्याचं नाटक करतोस. काही नसलं की पटकन टाकतोस. पाचवीतली पोरं गृहपाठ झाला नसला की अशीच, विचारायच्या आधी हो म्हणतात.’

दादाने लगेच वही काढली. हे ‘वाटणं’ नाहीच म्हणाला, तीस वर्षांचा डेटा आहे, फक्त तो तिने लिहून ठेवला नाही. मावशी म्हणाली, ‘म्हण बापडा,’ आणि चिंचोके डब्यात भरले.

परत आल्यावर मामीचा फोन आला. एवढं सगळं बघून आलीस, आता सांग, तो जिंकतो की नाही? मी वहीतली बेरीज आधीच केली होती. आकडा थोडा अधिक आहे, पण तास १९० आहेत. टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात, म्हणजे सगळे मिळून पाच हजारांच्या आसपास. ऑनलाइन चार टेबलं उघडून बसणारा एवढे डाव दोन-तीन दिवसांत खेळायचा. एवढ्यावरून नशीब आणि कसब वेगळं काढता येत नाही. शिवाय बोट प्रत्येक पॉटमधून आपला वाटा कापून घेते, म्हणजे बरोबरीचे खेळाडू बसले तर सगळेच हळूहळू हरतात. दादाला नुसतं चांगलं खेळून चालणार नाही, त्या कापणीहून जास्त चांगलं खेळावं लागेल.

मी मामीला म्हटलं, ‘मामी, अजून कळत नाही. त्यालाही नाही, मलाही नाही. वर्षभर वही लिहू दे. आणि वहीत जेवढे ठरवलेत त्याहून एक रुपया जास्त घेऊन तो गोव्याला गेला तर मला सांग.’

मामी जरा वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, ‘ती वही तो ठेवतो कुठे?’