बर्डीतला स्लॅब

20 एप्रिल 2024, शनिवार

कालच्या मतदानाची शाई बोटावर आणि हाताला वुडवूलचा वास. माळ्यावरून कूलर उतरवला, ताट्या भरल्या, पंप चालतो का ते पाहिलं. नागपूरच्या सीताबर्डीत, मोदी नंबर दोनच्या गल्लीत खाली दुकानं, मध्ये गोदाम आणि सगळ्यांत वर आम्ही. दुकानदारांचा उन्हाळा रस्त्यावरून आत येतो, आमचा डोक्यावरून. गंमत म्हणजे दुपारी दोनला घर निभावतं, रात्री नऊला नाही. पाच इंची स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि आम्ही जेवायला बसलो की ते खाली सोडायला लागतो. ही म्हणाली, "यंदा एसीचं नाव काढू नका. आधी छताचं काय ते बघा."

27 एप्रिल, शनिवार

हिंगणा एमआयडीसीतला एक जण येऊन गच्ची मोजून गेला. त्याचं मुख्य काम शीतगृहांचं. "संत्र्यांसाठी रोज फवारतो जी, माणसांसाठी फार कमी बोलावतात," म्हणाला. या मालाला तो ‘पफ’ म्हणतो. पाण्याच्या कॅम्परमध्ये आणि फ्रिजच्या दारात असतो तोच हा पॉलियुरेथेन फोम, फक्त जागेवर बंदुकीने फवारलेला. दोन पिंप येतात: एकात आयसोसायनेट, दुसऱ्यात पॉलिऑल आणि त्याची मिसळण. दोन्ही गरम नळ्यांतून बंदुकीच्या तोंडाशी निम्मे-निम्मे भेटतात आणि काही सेकंदांत फुगून, घट्ट होऊन बसतात. या रसायनाचा पाया ऑटो बायर यांनी 1937 मध्ये जर्मनीत घातला.

फोमचे दोन प्रकार. उघड्या पेशींचा हलका, स्पंजासारखा, पाणी शोषणारा. थंड देशांत तो भिंतीच्या पोकळीत भरतात. बंद पेशींचा कडक, जड. त्याच्या बारीक पेशींत वायू अडकून राहतो आणि उष्णता त्यातून फार सावकाश जाते. गच्चीसाठी हाच. पहिला इथे कोणी गळ्यात मारायला आलाच तर त्याला मृगाच्या पहिल्या पावसात पुन्हा बोलवावं.

1 मे, बुधवार

महाराष्ट्र दिन, म्हणून सीताबर्डीचा किल्ला उघडा. एरवी तो लष्कराच्या ताब्यात. भाच्याला घेऊन चढलो. 1817 च्या नोव्हेंबरात आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज याच टेकड्यांवर भिडले, किल्ला नंतर इंग्रजांनी बांधला. भाच्याला तोफा हव्या होत्या, मला भिंती. जाड दगडी भिंतीतून ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते, आणि तेव्हा दारं उघडून ते बाहेर घालवता येतं. आमच्या स्लॅबला तेवढी जाडी नाही. तो उष्णता थोपवतही नाही आणि लवकर सोडतही नाही.

वरून सगळी बर्डी दिसते: काळ्या टाक्या, फेरीवाल्यांच्या निळ्या ताडपत्र्या, मेट्रोचा पूल, आणि गच्च्याच गच्च्या, बहुतेक सिमेंटच्या रंगाच्या. इंग्रजांनी स्वतःपुरता सोपा उपाय शोधला होता. मध्य प्रांताचं सरकार उन्हाळ्यात पचमढीला जायचं.

10 मे, शुक्रवार

आज अक्षय तृतीया. पुरणपोळी आणि चिंचोणी खाऊन, झोप बाजूला ठेवून हिशेब केला.

केंद्र सरकारच्या 2018 च्या ‘इको निवास संहिते’त घराच्या छताला मर्यादा घातली आहे: एका चौरस मीटरमधून, तापमानाच्या एका अंशाच्या फरकाला, 1.2 वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये. उघड्या आरसीसी स्लॅबचा हाच आकडा साधारण साडेतीन निघतो. त्यावर बंद पेशींचा 40 मिलिमीटर फोम धरला की तो अर्ध्या वॅटच्या जवळ येतो. एक इंचानेही 0.8 च्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या आत. चार इंच मारून घेणाऱ्याने उरलेल्या तीन इंचांचे पैसे आधी कशात वाचणार ते विचारावं. पहिला इंच जेवढं काम करतो तेवढं पुढचा कुठलाच करत नाही.

आमची गच्ची 65 चौरस मीटर. वरचा पृष्ठभाग 60 अंश आणि खोली 35 धरली, तर स्लॅबमधून ऐन वेळी साडेपाच किलोवॅटच्या आसपास उष्णता खाली येते. दीड टनाचा एसी साधारण तेवढीच बाहेर टाकतो. म्हणजे फोमविना घेतलेला पहिला एसी नुसता छताशी भांडणार, माणसं त्याच्या हिशेबातच नाहीत. महावितरणच्या बिलात 300 युनिटच्या वर गेलं की दर कसा उडी मारतो हे या गल्लीत कोणाला सांगावं लागत नाही.

25 मे, शनिवार

नवतपा लागला. रस्त्यावर दुपारी सगळी तोंडं दुपट्ट्यात. पन्हं संपलं.

गेले काही दिवस फोमवरचं परदेशी साहित्य वाचतोय. त्यात सगळा जोर फटी बुजवण्यावर: खिडकीच्या कडा, वायरींची भोकं, पोटमाळा, सगळं बंद करा, घर हवाबंद करा. तिकडे हिवाळ्यात पैसे खर्चून तापवलेली हवा फटीतून निसटते, त्यांचं बरोबर आहे. पण आमचं घर कूलरवर चालतं. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढून आत ढकलतो. ती दुसऱ्या बाजूने निघून गेली नाही तर तासाभरात खोलीची दमट कोठी होते, आणि मग पाण्याचं वाफेत रूपांतरही मंदावतं. वैदर्भीय माणूस कूलर लावल्यावर समोरची खिडकी उघडतो ते उगाच नाही. हवाबंद घर आणि कूलर एका छताखाली नांदत नाहीत. म्हणून फोम आमच्याकडे फक्त छतावर, तोही वरून. भिंतीला नको, फटींना तर नकोच.

आतून, म्हणजे स्लॅबच्या पोटाला फवारा, असं एका मित्राचं मत. काम स्वस्त, पाऊसही आड येत नाही. पण मग काँक्रीट तसंच भाजत राहणार, गळती फोमच्या मागे लपणार, आणि पेट घेणारी वस्तू झोपायच्या खोलीत डोक्यावर लटकणार. नको.

31 मे, शुक्रवार

काल रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले आणि शहराला ऊत आला. दिवसभर फोन. पुण्याहून आत्या विचारतात, "अरे, जिवंत आहात ना?" आकडा सेन्सरच्या दोषाचा निघाला. नागपूरचा अधिकृत उच्चांक मे 2013 चा, 47.9. तेवढा पुरेसा आहे, फुगवायची गरज नव्हती.

2 जून, रविवार

शेजारच्या काकूंनी सरळ विचारलं, "त्याचा वास येतो का? विष असतं म्हणे." पूर्ण घट्ट झालेला फोम सहसा निरुपद्रवी, फवारताना मात्र आयसोसायनेटची वाफ खरोखर वाईट, एकदा दमा मागे लागला की पुन्हा थोड्याशा वाफेनेही उसळतो. फवारणाऱ्याला हवेची नळी जोडलेला मुखवटा हवा, नुसता रुमाल नाही. आम्ही सगळ्यांनी एक दिवस-रात्र बाहेर राहायचं, कूलरची तोंडं झाकायची. काकूंना सांगितलं, तुमच्या माहेरी उमरेडला जाऊन या. त्यांना बेत आवडला.

दुसरी गोष्ट त्यांनी विचारली नाही, मी विचारली: पेशींत कुठला वायू भरणार? ओझोनच्या थराला मारणारा एचसीएफसी-141बी आपल्याकडे 2020 पासून फोममध्ये बंद आहे. त्याच्या जागी आलेले काही वायू ओझोनला सोडतात, पण हवामान तापवण्यात जबर आहेत. घर थंड करायला आकाश तापवायचं हा व्यवहार मला पटत नाही. तो माणूस म्हणाला, "पिंपावर लिहिलेलं दाखवतो, काकाजी." दाखवावं.

उघड्यावर राहिलेला फोम उन्हात टिकत नाही. पिवळा, मग तपकिरी, मग पीठ. त्यावर जाळी घालून कोबा आणि वर पांढरी फरशी घ्यायचं ठरतंय. पांढरी अशासाठी की मुळात ऊन परतवणं सगळ्यांत स्वस्त. अहमदाबादने 2017 पासून वस्त्यांची छपरं पांढरी करायला घेतली, तेलंगणाने 2023 मध्ये थंड छतांचं धोरणच काढलं. टिनाच्या छपराखाली राहणाऱ्याला मी फोम सुचवणार नाही, चुन्याची बादली सुचवेन. चुन्याला इथल्या धुळीने दरवर्षी मळवायचं आणि आपण दरवर्षी पुन्हा मारायचा, एवढंच.

9 जून, रविवार

ढग आले, उकाडा वाढला, कूलर निकामी. दमट हवेत तो नुसता पाणी पिणारा पंखा.

फोमचं काम आता नाही. ओल्या स्लॅबवर आयसोसायनेट आधी पाण्याशीच भिडतं, फोम भुसभुशीत होतो आणि सुटून येतो. गच्ची पूर्ण वाळायला दिवाळी उजाडेल. तोवर उतार तपासायचा, टाकीचा गळका पाइप बदलायचा, कारण एकदा फोम बसला की खालची भेग कोणाला दिसणार नाही. कागदावर लिहून घेतलं: घनता, जाडी सुई टोचून मोजायची, एका थरात दोन इंचांपेक्षा जास्त मारायचं नाही, नाहीतर आतल्या आत तापून करपतो. खर्च दोन एसींएवढा येतोय. गोदामवाल्याने वाटा द्यायला नकार दिला. त्याच्या डोक्यावर आम्ही आहोत, त्याला काय.

कंत्राटदार म्हणाला, नोव्हेंबरात फोन करा. पण नोव्हेंबरात नागपुरात ऊन कोणाला आठवतं? तेव्हा ही स्वेटर काढेल आणि मी पैसे भाचीच्या लग्नाला वळवीन. म्हणून इसार आजच दिला.