चार मैलांचा वेग आणि लाखभर लिटर पाणी

'नॅरोबोटवरच्या निवांत सुट्टीबद्दल लिहा, फार तांत्रिक नको,' असा संपादकांचा निरोप आला. दोन्ही अटी मला जाचक आहेत. ज्या सुट्टीत माणूस पावसात भिजत लोखंडी दांडा फिरवतो आणि पाठीने लाकडी दरवाजे ढकलतो, तिला निवांत म्हणवत नाही. आणि तांत्रिक वगळलं, तर उरतात बदकं.

मी सांगलीची, शिक्षणाने पाण्याची इंजिनिअर. बरीच वर्षं इंग्लंडमधल्या कालव्यांच्या दुरुस्तीत गेली. आता इंग्लंड-वेल्सच्या सीमेवर, लँगोलेन कालव्याकाठी, भाड्याने बोट नेणाऱ्यांना ती चालवायला शिकवते. आपल्याकडून येणारे बहुतेक जण केरळची हाउसबोट डोक्यात घेऊन येतात. इथे नावाडी तुम्ही, आचारी तुम्ही, आणि संडासाची टाकी भरत आली का हे बघणारेही तुम्हीच. परवाना लागत नाही. माझ्या तासाभराच्या शिकवणीवर पंधरा-वीस टनांचं पोलाद एखाद्या दंतवैद्याच्या हाती सोपवलं जातं. हे योग्य आहे का, हा प्रश्न मला हल्ली फार छळतो. शनिवारी दुपारी धक्क्यावर गर्दी असते, तेव्हा तो बाजूला ठेवावा लागतो.

पहिली शंका ठरलेली: 'पोहता येत नाही, बुडालो तर?' लाइफ जॅकेट घाला. पण कालवा बहुतेक ठिकाणी कमरेइतकाच आहे, पडलात तर उभे राहा. भीती बाळगायची ती लॉकची. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद. अरुंद लॉक सुमारे सात फुटांचं, बोट सहा फूट दहा इंचांची. खाली उतरताना पाणी ओसरू लागलं की वरच्या दरवाजाच्या पायथ्याचा दगडी उंबरा उघडा पडतो. बोटीचं मागचं टोक त्यावर टेकलं, तर पुढचं पाण्याबरोबर खाली जात राहतं आणि बोट कलते. भिंतीवर पांढरी खूण असते, बोट तिच्या पुढे ठेवायची, बस्स. हे मी दरवेळी सांगते आणि दरवेळी कोणीतरी तेव्हाच फोटो काढत असतं.

आता माझा लाडका वाद. वेगमर्यादा ताशी चार मैल, म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटर. लोकांना वाटतं, ही सरकारी कटकट आहे आणि कोणी बघत नसताना इंजिन वाढवावं. वाढवा! बोट जितकं पाणी पुढे सारते, तितकंच पाणी तिच्या बाजूने आणि तळाखालून मागे यायला हवं. कालवा अरुंद आणि उथळ, त्यामुळे वाट चिंचोळी. मग ते पाणी वेगाने मागे धावतं, बोटीभोवतीची पातळी उतरते, मागची बाजू खाली बसते, तळाखालची वाट आणखी आवळते. इंजिन बोंबलतं, काठावर लाटा फुटतात, माती ढासळते, आणि बोट? जवळपास तितक्याच वेगाने जाते. कितीतरी ठिकाणी तीन मैलसुद्धा गाठता येत नाहीत. मर्यादा नियमाने नंतर घातली, पाण्याने आधीच घातली होती.

हे या कालव्याचे इंजिनिअर विल्यम जेसप आणि थॉमस टेलफर्ड यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांचा पाँटकसिल्टे जलसेतू 1805 मध्ये खुला झाला. डी नदीच्या वर 126 फूट उंचीवर, हजार फुटांहून लांब असं ओतीव लोखंडाचं पन्हाळं. बोटीभोवती पाण्याला जागा नसती, तर बोट पिचकारीतल्या दट्ट्यासारखी अडून बसली असती. म्हणून पन्हाळं जवळजवळ बारा फूट रुंद केलं आणि पायवाट पाण्याच्या वर, खांबांवर बसवली. सरकवलेलं पाणी त्या वाटेखालून मागे येतं. दुसऱ्या बाजूला कठडा नाही. सगळे तिकडे बघून किंचाळतात. मी म्हणते, पायवाटेखाली बघा.

हा कालवा टिकला कसा, हेही पर्यटकांना पटत नाही. 1944 च्या कायद्याने इथली बोटवाहतूक सोडून दिली होती. कालवा वाचला तो पाणी वाहून नेण्यासाठी. लँगोलेनच्या वर टेलफर्डच्या बंधाऱ्यापाशी डीचं पाणी आत येतं आणि हर्लस्टनच्या जलाशयात जातं, पिण्यासाठी. म्हणून इथे प्रवाह आहे. वर जाताना बोट रेंगाळते, उतरताना पळते.

हे ज्यांना न सांगता कळलं, असे एकच आजोबा भेटले. ठाण्याचं कुटुंब, आजोबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त. सुकाणू डावीकडे ढकललं की बोटीचं नाक उजवीकडे वळतं, यावर मुलगा आणि नातू भांडत होते. आजोबांनी पाण्यात काडी टाकली, मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "पाण्याची पाळी चालू आहे की."

पहिल्या लॉकवर, न्यू मार्टनला, मी नवख्यांना गाठते. बाजूच्या सांडव्याचं पाणी तिथे खालून येणाऱ्या बोटीला आडवं ढकलतं. ठाणेकर पोचले तेव्हा लॉक वरपर्यंत भरलेलं होतं. ते रिकामं करून वर चढायचं, म्हणून नातू झडपा उघडायचा लोखंडी दांडा घेऊन धावला. आजोबांनी विचारलं, "ताई, एका भरणीला किती?" मी म्हटलं, लाखभर लिटर. वरच्या अंगाला, बरीच लांब, एक बोट येताना दिसत होती. "थांब," ते नातवाला म्हणाले. "त्यांना याच पाण्यात उतरू दे. मग रिकामा हौद आपल्याला आयता."

कालवेवाल्यांचा हाच जुना शिरस्ता, आणि पाळणारे मोजकेच. वीसेक मिनिटं सगळे थांबले. सून वैतागली, चहा झाला, नातवाने आजोबांकडे पाठ केली. सांडव्यातून पाणी तसंही अखंड खाली जातच होतं, त्या लाखभर लिटरने हर्लस्टनला काही फरक पडणार नव्हता. मी ते आजोबांना सांगितलं नाही. बहुधा त्यांना ते दिसतच होतं.