एनेस्कू आणि आपला कान

नागपूर-भंडारा हमरस्त्यावरील आमच्या शहापुरात धानाची चुरणी आटोपून भजनाची बैठक जमली, म्हणजे पेटीवाला बुवांच्या गळ्यामागून निमिषभराच्या अंतराने तीच चाल धरतो, कोठे एखादी हरकत अधिक घेतो, कोठे गाळतो, आणि झीलकरी तीच ओळ आपापल्या वकुबाप्रमाणे उचलतात. चाल एकच, पण तिच्या कडा अनेक. अशा बैठकीत घडलेल्या ज्या कानाला युरोपीय अभिजात संगीताचा बहुस्वरी विस्तार परका वाटतो, त्याने रुमानियाच्या जॉर्ज एनेस्कूकडे अवश्य वळावे. कारण त्या विस्तारात वाढूनही या मनुष्याने एकेरी स्वररेषेची प्रतिष्ठा कधी सोडली नाही.

१८८१ साली मोल्दाव्हिया प्रांतातील लिवेनी या खेड्यात तो जन्मला, सातव्या वर्षी व्हिएन्नाच्या संगीतशाळेत दाखल झाला, आणि पुढे पॅरिसला मासने व फोरे यांच्या हाताखाली शिकला. १९०१ मध्ये, ऐन विशीत, प्रचलित धुना गुंफून रचलेल्या त्याच्या दोन 'रुमानियन ऱ्हॅप्सडी' एवढ्या गाजल्या की, पुढील थोर कृती त्यांच्या छायेत झाकोळून गेल्या. हा अन्याय मला फार सलतो. १९०३ च्या पहिल्या वाद्यवृंद-सुइटचा आरंभच ऐकावा: सारी तंतुवाद्ये स्वरसंवादाचा आधार टाकून एकच दीर्घ चाल, आलापी चालावी तशी, मिळून वाजवितात, आणि तिच्या तळाशी केवळ टिंपनीचा घुमार असतो. १९२६ च्या तिसऱ्या व्हायोलिन सोनाटात तर उसनी धून एकही नाही. तथापि लग्नकार्यांत वाजविणाऱ्या लाउतारांची मींड, अर्ध्याहूनही सूक्ष्म अंतराने हलणारे स्वर आणि तालाच्या जाचातून सुटलेली आळवणी त्याने स्वरलिपीत विलक्षण काटेकोरपणे नोंदली आहे. धून उचलणे निराळे, आणि ती जिच्यातून उपजते ती वृत्ती अंगी मुरविणे निराळे.

ही दुसरी, अधिक दुष्कर वाट आपल्या मुलखात कुमार गंधर्वांनी चोखाळली. १९४८ च्या सुमारास क्षयाने ग्रस्त होऊन ते देवासला मुक्कामास आले, आणि अंथरुणाला खिळले असता कानी पडलेल्या माळव्यातील लोकगीतांचे अंतरंग शोधून त्यांनी पुढे धुनउगम राग सिद्ध केले.

एनेस्कूने १९४६ मध्ये मायदेश सोडला आणि १९५५ मध्ये पॅरिसला देह ठेवला. त्याचा शिष्य यहुदी मेन्यूहिन १९५२ साली भारतात आला आणि रविशंकरांच्या सतारीने भारावून गेला. त्याचा कान या श्रवणासाठी गुरूनेच आधी सिद्ध करून ठेवला होता, असे मी समजतो.