दोन ट्रॉल्या मका, एक ट्रॉली चोथा

नांदगाव तालुक्यात मका पेरणाऱ्याला भाद्रपदाची धास्ती असते. दाण्यात चीक भरायच्या ऐन वेळी पाऊस दडी मारतो आणि खालची पानं करपत वर चढतात. 2018 साली शासनाने दुष्काळ जाहीर केलेल्या 151 तालुक्यांत आमचा तालुका होता, पण कागदावर दुष्काळ नसलेल्या वर्षीही हे घडतंच. मुरघासाचा मका कापायचा तो त्यात 65 ते 70 टक्के पाणी असताना. आमच्याकडे तो पुष्कळदा 50 टक्क्यांवर आलेला असतो. असा मका कुट्टी करून खड्ड्यात कितीही तुडवला तरी दबत नाही. आत हवा राहते आणि जिथे हवा तिथे बुरशी.

मनमाड, चांदवड ओलांडून पिंपळगाव-दिंडोरीकडे गेलं की नेमकी उलटी अडचण दिसते. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारखे मोठे प्रकल्प तिकडे आहेत, लहान कारखानेही आहेत. टोमॅटोचा गर काढल्यावर साल आणि बिया उरतात. त्या चोथ्यात प्रथिनं चांगली असतात, पण चारातल्या तीन हिश्शांहून जास्त पाणीच असतं आणि उघड्यावर दोन-तीन दिवसांत तो नासतो. त्यांना नकोसं झालेलं पाणी आम्हाला हवं आहे. दोन ट्रॉल्या सुकत चाललेल्या मक्यात एक ट्रॉली चोथा घातला की पाणी 58 टक्क्यांच्या आसपास येतं आणि कुट्टी दबायला लागते. खरिपाचा मका आणि टोमॅटोचा हंगाम एकाच सुमारास येतात, हे आमचं भाग्यच.

तरी आकड्यापेक्षा माझा भरवसा मुठीवर. कालवलेली कुट्टी घट्ट मुठीत धरावी. बोटांतून पाणी गळलं तर चोथा जास्त झाला. मूठ उघडताच सगळं विस्कटलं तर कमी. गोळा सावकाश सुटला की ट्रॅक्टर वर चढवावा.

पुढचं काम आम्लाचं. फिनलंडच्या व्हिर्टानेन यांनी ओल्या चाऱ्यावर थेट आम्ल ओतून तो टिकवायची रीत काढली. 1945 साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आपण आम्ल ओतत नाही. चाऱ्यातल्या साखरेवर जगणारे जिवाणूच ते तयार करतात आणि सामू 4 च्या जवळ उतरला की वैरण टिकते. म्हणून चोथ्यात साखर किती उरली, हे विचारल्याशिवाय मी गाडी भरत नाही.

द्राक्षाच्या चोथ्याच्या बाबतीत तर हा प्रश्न फारच मोलाचा. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षं आधी पिळतात, मग रस आंबवतात. त्या चोथ्यात साखर शिल्लक असते. तांबड्या वाइनचा रस सालींसकट आंबतो, तेव्हा साखर आधीच संपलेली असते. तांबडा चोथा घातला तर गुळाचं पाणी शिंपडावं लागतं. शिवाय हा चोथा निघतो जानेवारी ते मार्चमध्ये, तेव्हा जोडीला मका नसतो, ज्वारीचा कडबा असतो. कडबा इतका कोरडा की त्यात चोथा भरपूर मावेल असं वाटतं. तिथेच हात आवरायचा. द्राक्षाच्या साली-बियांत टॅनिन असतं. थोडं असलं तर मुरताना चाऱ्यातली प्रथिनं कमी फुटतात. जास्त झालं तर तेच ती बांधून ठेवतं आणि गाईच्या अंगी लागू देत नाही. कोरड्या वजनाच्या दहाव्या हिश्शापुढे मी जात नाही. उरलेला ओलावा साध्या पाण्याने भागवतो.

पांढरी-हिरवी बुरशी धरलेला ढीग फुकट मिळाला तरी घेऊ नये. बुरशीचं विष गाईच्या पोटातून दुधात उतरतं आणि ते दूध कुणाचं तरी लेकरू पितं. नासका कांदाही खड्ड्यात ढकलावा असं आमच्याकडे दर मंदीत कुणी ना कुणी सुचवतं. कांद्याने गुरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मी तो घालत नाही.

उन्हाळ्यात मेंढपाळ मुरघास मागायला येतात. त्यांना मी नुसत्या मक्याचा खड्डा उघडून देतो. द्राक्षावर बोर्डोची फवारणी होते, त्यातल्या मोरचुदाचं तांबं सालीवर राहू शकतं. गाय ते बऱ्यापैकी सोसते, मेंढीच्या यकृतात मात्र साठत जातं आणि एखाद्या दिवशी ती अचानक आडवी होते. द्राक्षाच्या खड्ड्यावर म्हणूनच मी चुन्याने मोठी खूण करून ठेवली आहे, आणि घरात सगळ्यांना ती ठाऊक आहे.