पळसगावचे नाव, कॅसिनोच्या दगडावर

रोमहून नेपल्सच्या वाटेवरची साधी गाडी कॅसिनोला पोचायला दोनेक तास घेते. स्थानकाबाहेर पाऊल टाकले की मान आपोआप वर जाते. समोरच्या डोंगराच्या माथ्यावर पांढराशुभ्र मठ बसला आहे, आणि गावात कुठेही उभे राहा, तो दिसतोच. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या हिवाळ्यात, खाली चिखलात पडलेल्या प्रत्येक जवानालाही तो असाच दिसत असणार. त्याच्या नजरेतून आपण सुटत नाही, ही भावना मला भर दुपारी, हातात पाण्याची बाटली असताना झाली. खंदकातल्या माणसाचे काय झाले असेल!

मी मठ बघायला आले नव्हते. मी एक नाव शोधायला आले होते.

लहानपणी महाडला आजोळी जाताना एसटी माणगावला थांबायची. तिथे तहसील कचेरीसमोर एका सैनिकाचा पुतळा आहे. दरवेळी आजोबा खिडकीतून हात जोडायचे आणि म्हणायचे, "बघ, घाडगे नाईक. आपल्याकडचे." मला वाटायचे, नाईक हे आडनाव असेल. तो हुद्दा आहे, आणि या बावीस वर्षांच्या पोराला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता, हे कळायला बरीच वर्षे गेली. त्यांचा देह कुठे आहे हे मात्र पुतळ्याकडे पाहून कधी कळले नसते.

यशवंत घाडगे पळसगावचे. गाव माणगाव तालुक्यातले, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले. ते पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. सेक्शनमधले सगळे पडले, कोणी मेले, कोणी जखमी झाले. उभे राहिले एकटे घाडगे. ते सरळ मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकून त्यांनी गन आणि ती चालवणारा दोन्ही गारद केले, दुसऱ्याच क्षणी आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. उरलेल्या दोघांना त्यांनी बंदुकीचाच सोटा करून लोळवले. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागल्या आणि ते तिथेच कोसळले. पदक मरणोत्तर मिळाले, ते त्यांच्या पत्नीच्या हाती गेले.

कॅसिनोपासून ती जागा कितीतरी उत्तरेला, उंब्रियात आहे. दोन दिवसांपूर्वी मी तिथल्या मोंतोने या टेकडीवरच्या गावी गेले होते. जुलै २०२३ मध्ये त्या गावाने घाडग्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारले. त्यावरचे लॅटिन बोधवचन सांगते, सगळे एकाच सूर्याखाली. परक्या देशातल्या एका लहान गावाने आपल्या कोकणातल्या माणसाची आठवण दगडात बसवावी, याने माझा ऊर भरून आला.

पण नाव कॅसिनोत का? कारण इटलीच्या मोहिमेत ज्यांची समाधी कुठे आहे ते ठाऊक नाही, अशा राष्ट्रकुलाच्या चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे एकाच ठिकाणी, इथल्या स्मारकावर कोरली आहेत. मरण कुठेही आलेले असो.

स्थानकापासून दफनभूमी चालत जाण्याइतकी जवळ आहे. वाटेत डोंगर सतत उजेडात होता. याच डोंगरासाठी जानेवारी ते मे १९४४ या काळात चार लढाया झाल्या. जर्मनांनी रोमचा रस्ता इथे अडवून धरला होता. १५ फेब्रुवारीला मित्रराष्ट्रांच्या विमानांनी सहाव्या शतकातला तो मठ पार जमीनदोस्त केला, आणि त्याच्या ढिगाऱ्यातच जर्मनांना आणखी चांगला आडोसा मिळाला. आपली चौथी भारतीय डिव्हिजन त्या दोन मधल्या लढायांत या उतारांवर झिजली. मार्चमध्ये नवव्या गुरखा रायफल्सची पहिली पलटण मठाच्या भिंतीखाली काहीशे मीटरवर असलेल्या एका खडकाळ उंचवट्यावर आठवडाभराहून अधिक काळ टिकून राहिली. अन्नपाणी वरून विमानातून टाकायचे, त्यातले निम्मे दरीत. रोपवेचा एक मोडका खांब फाशीच्या खांबासारखा दिसायचा, म्हणून त्या उंचवट्याला फाशीची टेकडी हे नाव पडले. शेवटी १८ मे रोजी पोलिश सैनिक मठात शिरले. मठ पुढे होता तसाच पुन्हा बांधला. माणसे तशी बांधता येत नाहीत.

दफनभूमीत शिरताच गवताचा ओला वास आला. नीट कापलेली हिरवळ, तिच्यात पांढऱ्या शिळांच्या रांगा, प्रत्येकीच्या पायाशी फुलझाड. मधोमध पाण्याचा लांबट हौद, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हिरव्या संगमरवराचे उंच स्तंभ. नावे पलटणींप्रमाणे कोरली आहेत. मराठा लाइट इन्फन्ट्री शोधायला वेळ लागला. सापडली तेव्हा मी शाळेतल्या हजेरीपटासारखी एकेक नाव वाचत खाली आले. आपलीच माणसे, फक्त इंग्रजी अक्षरांत. मग ते नाव आले, पुढे व्ही. सी. ही दोन अक्षरे.

मी बोट अक्षरांच्या खाचेत फिरवले. दगड सावलीत थंड होता. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो ना, तसा मी वहीचा कागद दगडावर दाबून धरला आणि शिशाचा आडवा हात फिरवला. काळ्यातून पांढरी अक्षरे हळूहळू वर आली.

ही त्यांची तिसरी पलटण. पहिल्या महायुद्धात ११० वी मराठा म्हणून ती कूतच्या वेढ्यात अडकली होती. पुढे हीच पलटण पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण झाली आणि डिसेंबर १९७१ मध्ये टांगाईलला आकाशातून उतरली. पलटण टिकते, तिचा इतिहास लिहिला जातो. घरी मात्र बाईला पदक मिळते, अस्थी मिळत नाहीत. आपल्याकडे कबर नसतेच, म्हणून समाधी नाही याचे दुःख कमी, असे कुणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. नदीवर न्यायला मूठभर राख तरी हवी असते. देह सापडला नाही तर पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नी द्यायचा, असा विधी आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवला आहे. पालाशविधी म्हणतात त्याला. दुरून आलेल्या मरणासाठीही हातात काहीतरी धरायला हवे, हे त्यांना कळले होते.

आणि गावाचे नाव पळसगाव.

निघण्याआधी मी स्तंभासमोर उभी राहून ते नाव मोठ्याने म्हटले. हुद्द्यासकट, गावासकट, मराठीत. हौदाकाठी कुणी नव्हते. मग कागदाची घडी न करता तो पुस्तकात सरळ ठेवला. माणगावला उतरून तो तिथे दाखवायचा आहे.