सासूबाईंचा आवाज आणि तीस हजारांचा हिशेब



आमच्याकडे जेवणं सूर्यास्ताआधी उरकतात, त्यामुळे पुढची संध्याकाळ फार लांब वाटते. अंकुशनगरला गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांची घरघर तेवढी सोबतीला. अशाच एका संध्याकाळी पुतण्याने सासूबाईंची १९८९ ची कॅसेट फोनमध्ये भरून आणली. दशलक्षण पर्वात त्या मंदिरात स्तवनं म्हणायच्या, ती. ह्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "ही आई नाही."

खरंच होतं. सासूबाईंचा आवाज जाडसर, घुमणारा. फोनमधून येत होती ती कोणी चिरक्या आवाजाची मुलगी.

मी हट्टाला पेटले आणि चौदा हजारांचं होम थिएटर आणलं. खोक्यावर शेकडो वॉट छापलेले. धमधम भरपूर, पण सासूबाई त्यातही सापडेनात. शेवटी सहा हजारांना विकलं. नुकसान आठ हजार. ह्यांनी माझ्या बी.कॉम.चा विषय काढला नाही, एवढे उपकार!

मग मात्र आधी समजून घेतलं. बाईच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण २०० हर्ट्झच्या आसपास असतो. फोनच्या चिमुकल्या स्पीकरला तो नीट काढताच येत नाही, वरवरचा भाग तेवढा ऐकू येतो. आपण ज्याला आवाजातली ऊब म्हणतो ती या खालच्या सुरांत असते. होम थिएटरचं उलट: सगळा भर अगदी तळाच्या दणक्यावर आणि वरच्या चरचरीवर, मधला माणसाचा आवाज पोकळ. आणि वॉटचं म्हणाल तर ते दुप्पट केले तरी आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. बैठकीच्या खोलीला बाजूला २५-३० वॉट पुष्कळ.

यावेळी मर्यादा ठरवली तीस हजारांची. (आधीचे आठ त्यात धरायचे नाहीत, ही हिशेबनिसाची पळवाट.) परिग्रहाचं परिमाण घेतलेलं असल्यामुळे नव्या वस्तूंसाठी घरातली जुनी मोडीत गेली.

सर्वांत जास्त पैसे स्पीकरवर घातले. कागदी कोनाचे, लाकडी पेटीचे जुने स्पीकर, अकरा हजार. जुने घेताना कोनाभोवतीची कड बोटाने हळूच दाबून बघा. फोमची असेल तर पंधरा-वीस वर्षांत तिचा भुगा होतो. आमची तशीच निघाली. बदलायला अठराशे गेले. साधा दोन चॅनेलचा अँप्लिफायर साडेनऊ हजार, कॅसेट डेक चार हजार. डेकचा रबरी पट्टा सैल होता, त्यामुळे सूर लडखडत होता. पट्टा आणि हेडची सफाई मिळून सातशे. वायर पाचशे. झाले साडेसत्तावीस हजार.

तरी पहिल्या दिवशी आवाज कोरडाच! दोष यंत्रात नव्हता, खोलीत होता. फरशी, उघड्या भिंती, काचेचं शोकेस. टाळी वाजवली की खण्णकन परत यायची. उरलेल्यांतून बावीसशेचे जाड पडदे शिवून घेतले आणि समोरच्या भिंतीवर सासूबाईंनीच शिवलेली गोधडी टांगली. स्पीकर शोकेसवरून उतरवून दोन लाकडी स्टुलांवर ठेवले, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आणि भिंतीपासून हातभर पुढे. अगदी भिंतीला टेकवले तर आवाज गढूळ होतो, फार पुढे ओढले तर बारीक पडतो. मी चार दिवस सरकवत होते. ह्यांना वाटलं, दिवाळीची साफसफाई चाललीय.

पाचव्या दिवशी कॅसेट लावली. स्तवनाच्या मध्येच सासूबाई थांबून खाकरतात, ते फोनवर कधी कळलंच नव्हतं. ह्यांनी पेपर खाली ठेवला. बाजू संपून खटका पडला तरी उठले नाहीत. मग म्हणाले, "परत लाव."

अजून सहा कॅसेट ट्रंकेत आहेत. दोनांवर बुरशीचे ठिपके दिसतात. त्या साफ केल्याशिवाय डेकमध्ये घालायच्या नाहीत, नाहीतर ती घाण हेडला लागून चांगल्या कॅसेटही खराब होतात. दुरुस्तीवाला पुढच्या आठवड्यात येतो म्हणालाय. तीनशे रुपये शिल्लक आहेत.