जहाजाचं घड्याळ

आमच्या दापोली तालुक्यातल्या घरी स्वयंपाकघरात दोन घड्याळं आहेत. एक आपलं, दुसरं आरिफचं. आरिफ माझा धाकटा भाऊ. पर्यटकांच्या मोठ्या जहाजावर, गॅलीत काम करतो. भांडी घासण्यापासून सुरुवात केली, आता असिस्टंट कुक आहे. आठ-नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, मग दोन महिने घरी. कोकणातल्या मुस्लिम घरांना हे नवीन नाही. आमच्या मोहल्ल्यात चार घरांआड एक घर जहाजावरचं.

आरिफचं घड्याळ भिंतीवरून काढून मागचा स्क्रू फिरवायचं काम अम्मीचं. तो फोनवर सांगायचा, "अम्मी, आज रात्री एक तास पुढे." अम्मी इशाची नमाज झाली की स्टुलावर चढायची. मी कितीदा सांगितलं, पडशील. पण दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. त्या घड्याळात पाहून ती म्हणायची, "आता आरिफची ड्यूटी सुटली असेल," "आता झोपला असेल, फोन करू नका." मुलगा कुठल्या समुद्रात आहे हे तिला नकाशावर दाखवता आलं नसतं, पण त्याच्याकडे किती वाजलेत हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. पण आमच्याकडे शिक्षक कमी, त्यामुळे आठवीचा भूगोलही अधूनमधून माझ्याच गळ्यात पडतो. स्थानिक वेळ आणि प्रमाणवेळ हा धडा मी अनेकदा शिकवला आहे. पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं, 15 अंशांना एक तास. आपली प्रमाणवेळ 82 अंश 30 मिनिटं पूर्व रेखावृत्तावरची, आपण दापोलीकर त्याच्या नऊ-सव्वानऊ अंश पश्चिमेला, म्हणून आपला सूर्य घड्याळाच्या 37 मिनिटं मागे. मुंबईचा 39 मिनिटं मागे. मुंबईकरांनी तर 1955 पर्यंत आपला वेगळा 'बॉम्बे टाइम' धरून ठेवला होता. मुलांना हे ऐकायला आवडतं. जुहरची वेळ बरोबर बाराला का होत नाही, याचं उत्तर त्यांना त्यात सापडतं.

पण धड्यातली वेळ उभी असते, जहाजावरची चालती. आरिफने मला समजावलं ते असं. जहाज एप्रिलच्या सुमारास अमेरिकेतल्या फ्लोरिडाहून स्पेनकडे निघतं. कॅरिबियनमधला हंगाम संपलेला असतो, युरोपचा सुरू व्हायचा असतो. मध्ये नुसता अटलांटिक. फ्लोरिडा आणि स्पेन यांच्यात त्या दिवसांत सहा तासांचा फरक. हे सहा तास एकदम भरत नाहीत, एकेका रात्री एकेक तास. रात्री दोन वाजले की थेट तीन. ज्या दिवशी घड्याळ पुढे जायचं, त्या संध्याकाळी प्रवाशांच्या केबिनमध्ये चिठ्ठी ठेवतात, क्रू मेसच्या फळ्यावर सूचना लागते. जहाज दिवसाला साधारण दहा रेखांश कापतं, म्हणजे सूर्य रोज 40 मिनिटं लवकर. म्हणून घड्याळ रोज रात्री नाही, मध्ये एखादी रात्र सोडून पुढे जातं.

प्रवाशांना त्यात मजा वाटते. गॅलीत मजा नसते. नाश्ता सहाला म्हणजे सहालाच, झोप मात्र एका तासाने कमी. "आपा, पूर्वेकडे जाताना आम्ही एकमेकांशी धड बोलत नाही, सगळे चिडलेले," असं तो म्हणतो. शरद ऋतूत जहाज परत पश्चिमेला निघालं की 25 तासांचा दिवस मिळतो, तेव्हा सगळ्यांचे चेहरे फुलतात.

किनाऱ्याला लागल्यावर वेगळाच घोटाळा. उन्हाळ्यात फ्लोरिडाची घड्याळं एक तास पुढे असतात, जमैकाची नसतात. मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावरचीही नसतात. जहाज मात्र फ्लोरिडाचीच वेळ पाळतं. प्रवासी खाली उतरले की त्यांचा फोन किनाऱ्यावरच्या टॉवरचं ऐकतो आणि स्वतःच एक तास मागे जातो. जहाज चारला सुटणार, यांच्या फोनमध्ये तीन वाजलेले, हे निवांत खरेदी करताहेत. मग धक्क्यावरून पिशव्या सांभाळत धावणारी माणसं आणि वरच्या डेकवरून टाळ्या वाजवणारी माणसं. आरिफ हे इतकं रंगवून सांगायचा की अब्बा हसता हसता खोकायला लागायचे. अब्बांच्या तोंडी त्यावर ठरलेलं एक वाक्य होतं, "फोनला काय कळतं, सूर्याला विचारा."

अब्बांनी हे वाक्य दादांकडून उचललं होतं. दादा 1950 च्या दशकात मुंबईहून जहाजाने हजला गेले होते. हज यात्रेकरूंची जहाजं 1995 पर्यंत चालत होती, नंतर सगळे विमानानेच जाऊ लागले. दादा सांगायचे, जिद्दा येईपर्यंत जहाजाचं घड्याळ थोडं थोडं मागे जात राहिलं आणि मक्केला पोहोचल्यावर तर घड्याळाचं गणितच निराळं निघालं. तिथे त्या काळी सूर्य मावळला की बारा वाजत आणि तिथून नवा दिवस मोजत. दादांनी आपलं घड्याळ काढून ट्रंकेत ठेवलं आणि परतेपर्यंत अजानवर दिवस काढले.

आरिफला अजान नाही. गॅलीच्या पंख्यांचा आवाज असतो. त्याची केबिन पाण्याच्या पातळीखाली, तिला खिडकी नाही. दिवस आहे की रात्र हे घड्याळच सांगणार आणि घड्याळ तर रोज बदलणार. म्हणून तो क्रू मेसमधल्या टीव्हीवर जहाजाचे अक्षांश-रेखांश बघतो, ते फोनमधल्या नमाजच्या अ‍ॅपमध्ये भरतो आणि फजर-मगरिबच्या वेळा काढतो. जुहर आणि असर सफरीत एकत्र पढायची सवलत आहे, ती घेतो. एका वर्षी त्याचे काही रोजे भर समुद्रात आले. जहाज पूर्वेला जात असल्यामुळे सूर्य रोज लवकर मावळायचा. फोनवर खुशीत म्हणाला, "आपा, मला रोज वीसेक मिनिटांची सूट मिळते." अब्बा पलीकडून ओरडले, "परत येताना वसूल होईल!"

अब्बा गेले ते 2018 च्या एप्रिलअखेर, शाबान महिन्यात, बुधवारी रात्री पावणेअकराला. दोन दिवस ताप होता, दवाखान्यात नेऊन आणलं होतं, असं काही होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. आरिफचं जहाज तेव्हा अटलांटिकच्या मधोमध होतं. मी मेसेज टाकला. साडेअकराला त्याचा फोन आला. तिकडे दुपारचे चार वाजले होते, जेवणाची पाळी संपवून तो नुकताच बाहेर आला होता. तो रडला नाही. एवढंच विचारलं, "मिट्टी किती वाजता?"

उद्या जुहरनंतर, दोन वाजता, असं मामूंनी ठरवलं होतं. मोठी आपा मुंब्र्याहून निघणार होती आणि तिच्याबरोबर दुलाभाई. अब्बांची इच्छा होती की गुस्ल बाहेरच्या कुणी देऊ नये, मुलाने द्यावं. मुलगा समुद्रात, म्हणून दुलाभाईंची वाट बघायचं ठरलं.

आरिफ म्हणाला, "मी इथे गायबाना पढेन. तुम्ही मशिदीत उभे राहाल तेव्हाच, त्याच वेळी." आम्ही कोकणी शाफई. आमच्या मसलकात गैरहजर मय्यतीची नमाज पढता येते. त्याच्या जहाजावरची बरीच मंडळी इंडोनेशियाची, तीही शाफई, त्यामुळे त्याला जमातही मिळणार होती. त्याने फोनवरच हिशोब केला. इथे साडेअकरा, तिथे चार, म्हणजे साडेसात तासांचा फरक. इथले दोन म्हणजे त्याचे सकाळचे साडेसहा. मी म्हटलं, बरोबर.

आजही मला ते 'बरोबर' बोचतं. मी वजाबाकी तपासली होती आणि वजाबाकी चुकलेली नव्हती.

गुरुवारी सकाळी कशेडी घाटात एक ट्रक बंद पडला आणि आपाची गाडी तिथे अडकली. साडेबारा वाजता ती दोघं पोहोचली. दुलाभाईंनी पाणीसुद्धा प्यायलं नाही, थेट आत गेले. गुस्ल पावणेएकला सुरू झालं, कफन वगैरे होईस्तोवर दीड वाजला. जुहरची जमात झाली आणि बरोबर दोन वाजता जनाजाची नमाज उभी राहिली. आम्ही बायका घरात होतो. मी दोन वाजता मनात म्हटलं, आता आरिफ उभा राहिला असेल.

साडेतीनला त्याचा फोन आला. मधे नेटवर्क नव्हतं म्हणे. आवाज शांत होता. सांगत होता की इंडोनेशियाचे अकरा जण आले, क्रू केबिनच्या बोळात दोन सफा केल्या, त्यांच्यातल्याच एका वयस्कर लाँड्रीवाल्याने इमामत केली. मग विचारलं, "तिकडे सगळं वेळेवर झालं ना?"

"बरोबर दोनला. आता साडेतीन होतायत, माणसं परतली."

तो गप्प झाला. मला वाटलं फोन कटला.

"आपा," तो म्हणाला, "माझ्याकडे नऊ वाजलेत."

मला कळायला क्षणभर लागलं. साडेतीन आणि नऊ, फरक साडेसहाचा. रात्री दोनला जहाजाचं घड्याळ तीनवर गेलं होतं. फळ्यावर सूचना होती. त्याने स्वतः झोपण्यापूर्वी मनगटातलं घड्याळ एक तास पुढे केलं होतं, इतक्या वर्षांच्या सवयीने हातानेच केलं. डोक्यातला साडेसातचा आकडा तसाच राहिला. त्याचे साडेसहा म्हणजे आमचा एक. केबिनला खिडकी असती तर त्याला दिसलं असतं की अजून सूर्यही उगवलेला नाही.

आणि एक वाजता अब्बांचं गुस्ल चालू होतं.

ज्यांना मसला माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जनाजाच्या नमाजीसाठी गुस्ल आधी झालेलं असावं लागतं. आरिफला हे माहीत होतं. त्याने दुसरा काही प्रश्न विचारलाच नाही, "गुस्ल किती वाजता?" एवढंच विचारलं. मी खोटं बोलू शकले असते. सकाळीच झालं म्हटलं असतं तर त्या बिचाऱ्याला कोण सांगायला जाणार होतं? दोन सेकंद तो विचार माझ्या मनात येऊन गेला, हे मी कबूल करते. मग मी खरं सांगितलं. तेव्हा तो रडला. बाप गेल्याचं ऐकून न रडलेला माझा भाऊ एका तासासाठी रडला.

मी दुपट्टा डोक्यावर घेऊन तशीच मामूंकडे गेले, मामू मौलानांकडे. मौलाना अजून कब्रस्तानाच्या फाटकाशीच उभे होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "यात एवढं काय? त्याला सांगा, शंका आहे ना, मग पुन्हा पढ. वेळ काही निघून गेलेली नाही. आज पढ, उद्या पढ." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि त्या इंडोनेशियावाल्यांना माझा सलाम सांगा."

त्याच रात्री त्याची ड्यूटी सुटल्यावर त्यांनी पुन्हा पढली. या वेळी अकरा नाही, चौदा होते. त्या लाँड्रीवाल्या चाचांनी आरिफला पुढे केलं आणि स्वतः मागे उभे राहिले.

घरी आल्यावर माझं लक्ष भिंतीकडे गेलं. आरिफचं घड्याळ एक तास मागेच होतं. त्याने मंगळवारीच सांगून ठेवलं होतं, "अम्मी, बुधवारी रात्री पुढे करा." बुधवारी रात्री अम्मी अब्बांच्या उशाशी होती. तिने स्टुलावर चढून स्क्रू फिरवला असता तर माझी नजर कदाचित सकाळी त्यावर गेली असती. कदाचित नसतीही. दिवस भरलेलं घर, कोण घड्याळ बघतं? पण वर्गात फळ्यावर रेखावृत्तं काढताना आता माझा खडू थोडा थांबतो. एक मुलगी एकदा म्हणाली, "मॅडम, घड्याळ पुढे केलं तर तो तास जातो कुठे?" मी पुस्तकातलं उत्तर दिलं.

दोन महिन्यांनी आरिफ सुट्टीवर आला. कब्रस्तानात जाऊन आला, मग अब्बांच्या कपाटातून त्यांचं जुनं एचएमटीचं चावीचं घड्याळ काढून घेतलं. परत जाताना दोन्ही मनगटांवर घड्याळं. डाव्या हातावर जहाजाचं, ते रोज फिरवायचं. उजव्या हातावर अब्बांचं, त्याला रोज चावी द्यायची पण काटे कधीच हलवायचे नाहीत, ते कायम दापोलीचं. सोबतच्या मुलांनी सुरुवातीला हसून घेतलं. आता त्यातल्या दोघांच्या हातांवर तशीच दोन घड्याळं आहेत, एकाचं जाकार्ताचं.

आता आम्ही फोनवर कुठलीही वेळ ठरवताना इथलीच सांगतो, वजाबाकी करतच नाही. अम्मी तरीही स्टुलावर चढते, मी तिला अडवणं सोडलं आहे.

परवा आरिफचा मेसेज आला, "आपा, मगरिबची अजान झाली ना?" झाली नव्हती. पाच मिनिटं बाकी होती. तेव्हा मला आठवलं, जमात चुकू नये म्हणून अब्बा आपलं घड्याळ नेहमी पाच मिनिटं पुढे ठेवायचे. आरिफला मी हे कळवलं. त्याचं उत्तर आलं, "माहीत आहे. राहू दे तसंच."